खोकल्यामागचं ‘हं’

दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत ती बसली होती, तेव्हा तिचे वडील खोकले. वडिलांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. दोन कोरडे खोकले लागोपाठ, मग जरासा दम, मग तिसरा, छातीच्या तळातून खरवडून काढल्यासारखा, आणि त्याला चिकटूनच, कुणीतरी काहीतरी विचारलं असावं आणि ते यांना कबूल असावं अशा बेताने, एक बारीकसं ‘हं’. तिच्या मांडीवरचं जुनं मासिक घसरून खाली पडलं. खोकला शेजारच्या खुर्चीतून आला होता. तिथे टाय लावलेला, मांडीवर ऑफिसची बॅग घेतलेला, चांगला चाळिशीतला माणूस फोनवर गेम खेळत होता. पडद्यावर एक चितारलेला म्हातारा पाठीवर पोतं घेऊन जिना चढत होता, वरून डबे, चेंडू, पातेली गडगडत येत होती, आणि त्यातलं काही लागलं की म्हातारा पायरीवर बसे, खोके आणि ‘हं’ म्हणे. म्हणजे हरलो, मान्य आहे. टायवाला फुसकन हसे आणि त्याला पुन्हा तळाच्या पायरीवर उभा करी.

“हा आवाज कुठला?” तिने विचारलं.

“गेम आहे. त्रास होतोय का? बंद करतो.”

“नको, नको. परत हरा जरा.”

“काय?”

“परत एकदा हरा ना. मला ऐकायचंय.”

टायवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या बंद दाराकडे पाहिलं. दातदुखी हिच्या डोक्यात गेलेली दिसते, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. पण माणूस भला होता, किंवा घाबरट. त्याने मुकाट्याने म्हाताऱ्याला एका पातेल्याखाली उभं केलं. म्हातारा बसला, खोकला, हं म्हणाला. तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी तिला स्वतःचा संतापही आला, कारण काट्याच्या आधी तिच्या मनात आलं होतं ते जुनंच, शाळकरी, ओशाळवाणं वाक्य: झालं, आले.

कारण बाबा यायचे ते खोकल्यातून. ते लाकडाच्या वखारीत कामाला होते. भुसा त्यांच्या केसांत, कानांच्या पाळ्यांवर, सदऱ्याच्या शिवणीत असायचा, आणि आत छातीत किती असेल त्याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. घर वरच्या मजल्यावर. संध्याकाळी ते जिना चढू लागले की पहिल्या वळणावर दोन खोकले, दुसऱ्या वळणावर तिसरा. मैत्रिणी खेळायला आलेल्या असल्या तर एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, “ए, आले तुझे बाबा,” आणि ती खिडकी लावायचं निमित्त करून पाठ फिरवायची. दुसऱ्यांचे बाबा नुसते घरी यायचे. हिचे वाजत यायचे. आणि येऊन तरी काय, तर हं. बाबा, मला पुढे शिकायचंय. हं. बाबा, ताईच्या सासरचे आलेत. हं. बाबा, मला नोकरी लागली, मोठ्या संस्थेत. यावर मात्र त्यांनी हातातला पेला खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं, आता काहीतरी येणार म्हणून ती क्षणभर थांबली, आणि आलं ते तेच. हं. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, “हं काय, हं? माणूस आहात का कबुतर?” त्यालाही ते हं म्हणायचे. या माणसाकडे बोलण्यासारखं काही नाही, हे तिने फार लहानपणी ठरवून टाकलं होतं, आणि आपण ठरवलेलं बदलायची तिला सवय नव्हती. दवाखान्यातल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिने स्वतःच्या फोनवर तो गेम शोधला, शेवटची, कुणीच कधी वाचत नाही अशी बारीक अक्षरांची पाटी उघडली, आणि तिथे तिला आपल्या संस्थेचं नाव दिसलं. आवाज: संस्थेच्या खुल्या संग्रहातून, साभार. नाव अगदी बरोबर छापलं होतं. परवान्याची एकुलती एक अट टायवाल्याच्या गेमने काटेकोर पाळली होती.

तो परवाना तिनेच लावला होता. संस्थेत तिला कुलूपबाई म्हणत. संशोधकांनी जमवलेला डेटा कुणाला दाखवायचा, कुणाला नाही, याच्या चिठ्ठ्या लावायचं तिचं काम. तिची खोली म्हणजे एके काळची काचसामानाची कोठी. कोपऱ्यात अजून एक बेसिन होतं, त्याला नळ नव्हता आणि ते काढून टाकायचा अधिकार नेमका कुणाचा हे ठरलं नव्हतं. तिथे बसून तिने शास्त्रज्ञ नावाचा प्राणी इतक्या जवळून पाहिला होता की तिला त्याच्याबद्दल काडीचाही आदर उरला नव्हता. हे लोक आपला डेटा लग्नातल्या दागिन्यांसारखा जपत. घालत नाहीत, मोडत नाहीत, पण दुसरीने नुसता हात लावला तर जीव खालीवर. ‘वाजवी विनंती केल्यास उपलब्ध’ ही त्यांची आवडती चिठ्ठी. तिच्या आजवरच्या नोकरीत कुणाचीही विनंती त्यांना वाजवी वाटलेली तिने पाहिली नव्हती. मग वारं फिरलं. सगळं खुलं करा, असं वरून आलं. ज्ञान सर्वांचं आहे, असं भिंतीवर लागलं. आणि धोरण विभागात एक गोरागोमटा, तिच्याहून बराच लहान अधिकारी आला, ज्याचं नाव तिने मनातल्या मनात दानशूर ठेवलं. दानशूर भेटेल त्याला भेटेल ते देऊन टाकायला निघाला होता, अट एवढीच की ते दुसऱ्याचं असावं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मोठ्या साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून खुलेपणावर भाषणं केली, आणि साहेबांचा स्वतःचा पंचवीस वर्षांचा डेटा अजून वाजवी विनंतीवरच होता.

पहिल्यांदा काय उघडायचं, तर खोकले. कारण खोकल्यांना वाली नव्हता. खोकल्यांचे नमुने जमवून त्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई निवृत्त होऊन मुलीकडे निघून गेल्या होत्या, आणि ज्यांनी खोकून दिलं होतं ते बहुतेक वर गेले होते. अभ्यास चालू असताना म्हाताऱ्या, कोरड्या खोकल्यांचा तुटवडा पडला होता, तेव्हा तिनेच चेष्टेत म्हटलं होतं, आमच्या घरी रोज इतका वाया जातो. बाबांना ती घेऊन गेली तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, जणू खोकला दिसणार होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आधी माणसाला जरा बोलतं करायचं, घसा मोकळा करायचा, मग खोकायला सांगायचं, अशी पद्धत होती. ती स्वतः बाहेर बाकावर बसून कागद चाळत राहिली. बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, “किती छान बोलतात हो तुमचे बाबा! मी खोकायचं सांगायचंच विसरले.” तेव्हा तिला वाटलं, काय खोटं बोलतात माणसं शिष्टाचाराच्या नावाखाली. घरी जाताना तिने विचारलंही नाही, काय बोललात म्हणून. विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं.

खुलं करताना नियम साधा होता: बोलणं कापायचं, खोकला ठेवायचा. बोलण्यावरून माणूस ओळखू येतो. खोकला म्हणजे नुसती हवा. कापायचं काम यंत्राने केलं. त्याने हजारो गप्पा, तक्रारी, विनोद, देवाची नावं बाजूला काढून बंद पेटीत टाकली आणि खोकले धुऊनपुसून वाळत घातले. पण बाबांचं हं खोकल्याला इतकं चिकटून होतं की यंत्राला ते खोकल्याचंच शेपूट वाटलं. नाव नाही, गाव नाही. पुरुष, साठीपुढचा, कोरडा. कोणालाही, कोणत्याही कामासाठी, कायमचा. ही चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने लावली होती, न ऐकता. इतके खोकले कोण ऐकतंय.

गालात कापूस दाबून ती तशीच ऑफिसात गेली.

“हे माझ्या वडिलांचं हं कापायचं राहिलंय,” तिने दानशूरच्या टेबलावर फोन ठेवून ऐकवलं.

त्याने मान तिरकी करून ऐकलं. “मॅडम, हे खोकल्याचंच आहे. यंत्राने बरोबर ठेवलंय.”

“यंत्राने ठेवलं म्हणजे तो खोकला?”

“पण तुम्हाला कसं कळलं हे तुमच्या वडिलांचं? नावं आपण सगळी पुसलीत.”

“नाव पुसलंत. वडील पुसायचे राहिले.”

तो हसला. त्याला तो विनोद वाटला, आणि पुढच्या भाषणात वापरावासाही वाटला असणार, कारण त्याने मनात कुठेतरी टिपून घेतल्यासारखे डोळे बारीक केले. मग तो तिला साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, तुम्ही जरा भावनिक होताय.”

“मी दात उपटून आलेय साहेब. हा गाल भावनेने सुजलेला नाही.”

“बरं, बरं. हे बघा, नियमात दोन्ही वाटा आहेत.” साहेबांना वाटा दाखवायला फार आवडे; स्वतः चालायची वेळ आली की त्यांना मीटिंग असे. “ते बोलणं आहे असं ठरलं, तर ओळख पटण्याजोगं काही बाहेर गेलं असा अर्थ होतो. मग तो तुकडा आपण संग्रहातून काढणार, आणि त्याचं मूळ मुद्रण, बंद पेटीतलं, तेही नष्ट करणार. अख्खं. तसाच नियम आहे.”

“आणि गेम?”

“दिलेली परवानगी परत घेता येत नाही,” दानशूर म्हणाला. “खुल्या परवान्याचं तेच तर सौंदर्य आहे, मॅडम. ज्यांनी नेलं, त्यांनी नेलं.”

“म्हणजे चोराकडे राहणार आणि घरात मात्र झाडू फिरणार.”

“चोर कसे? साभार लिहिलंय त्यांनी.”

“आणि बोलणं नाही असं ठरलं,” साहेब घाईने म्हणाले, “तर काहीच करायला नको. तुकडा आहे तिथे राहील, मूळही पेटीत सुरक्षित. आज पेटी घरच्यांना उघडत नाही, मान्य आहे. मान्यताप्राप्त संशोधक हवा, उद्देश हवा. पण नियम काय, बदलतात. पुढेमागे मी समितीत शब्द टाकीन ना तुमच्यासाठी. वर्गीकरण तुमच्याचकडे आहे, तुम्हीच ठरवा. फक्त उद्या सकाळपर्यंत करा, यादी बाहेरच्या संस्थांना जायचीय.”

ज्याच्या त्याच्या घरचं ज्याने त्याने ठरवू नये, ही साधी गोष्ट या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. ती उठली. साहेबांचा शब्द म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. त्यांच्या शब्दावर जिन्यातला दिवा चार वर्षं लागायचा होता. पण दारातून बाहेर पडता पडता तिच्या लक्षात आलं की त्या शब्दाने तिला गळ लागला आहे. पेटीत बाबा होते. खोकल्याआधीचे. छान बोलणारे. कुणा परक्या मुलीला विसरायला लावण्याइतकं बोललेले. कुलूपबाईच्या हातात कुलूप असतं, किल्ली समितीकडे. पण पेटी असेपर्यंत आज ना उद्या, हा धागा तरी होता. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ते बोलणं नाही. जे ती लहानपणापासून म्हणत आली होती. बसस्टॉपवर उभं राहून तिने ताईला फोन लावला आणि काही न सांगता खोकला ऐकवला.

“कोण आजारी आहे?” ताई म्हणाली.

“नीट ऐक. बाबा आहेत.”

“चल! सगळे म्हातारे असेच खोकतात गं.”

“शेवटी हं आहे बघ.”

“असेल. आमचे सासरे नव्हते का?” ताईच्या मागे मिक्सर लागला होता. “आणि तुला कुठून एवढा पुळका आला? बाबा खोकायला लागले की कानात बोटं कोण घालायचं? मी?”

ताईचं हे असंच. तिच्याकडे भूतकाळ इस्त्री करून घडी घातलेला असायचा आणि त्यातलं नेमकं तुम्हाला टोचेल ते वर ठेवलेलं असायचं. फोन ठेवल्यावर बसमध्ये ती सगळ्यांकडे आळीपाळीने तुच्छतेने बघत राहिली: फोनमध्ये मान खुपसलेले, वायरी कानात कोंबलेले, फुकट मिळेल ते ऐकणारे, कुणाचं आहे हे न विचारणारे. फुकटचं ते पौष्टिक. आणि या सगळ्यांच्या मधोमध खिडकीच्या काचेत एक सुजलेल्या गालाची बाई, जिने आपल्या बापाला उजेडात वाळत घातलं आणि चिठ्ठी लावली, कोणालाही. त्या बाईकडे ती सर्वांत जास्त वेळ बघत राहिली. ताई म्हणते ते खरं असेल तर? हजारो म्हाताऱ्यांच्या छातीत असाच भुसा, असाच दम, असंच शेपूट. ज्याला ती बाप म्हणते ती कदाचित नुसती हवा.

घरी आई टेबलाशी मटार सोलत बसली होती. गालाची चौकशी झाली, कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या, दातांच्या डॉक्टरांच्या सबंध जमातीचा उद्धार झाला. तिने समोर लॅपटॉप उघडला. संस्थेत शिरायचं तिचं नेहमीचं दार होतं, पण त्या दारातून गेलेल्या कर्मचाऱ्याने काही घरी न्यायचं नसतं. मुलीसाठी तर दारच नव्हतं. म्हणून ती पुढच्या दाराने गेली, जिथून टायवाल्याचा गेम करणारे गेले होते. आपण कोण, असं त्याने विचारलं. संशोधक, विद्यार्थी, उद्योग, इतर. तिने इतर निवडलं. कोणीही. खोकला तिच्याकडे विनातक्रार उतरला. मुलगी म्हणून जे मागायची सोय नव्हती ते कोणीही म्हणून एका बोटात मिळालं, आणि हसावं की काय ते न कळून तिने तो उघडला. आवाज मोठा ठेवलेला होता, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

दोन कोरडे. दम. तिसरा. हं.

“हं काय, हं?” आई शेंगेतून मान वर न काढता म्हणाली. “चपला दारातच काढा, मी आत्ता केर काढलाय.”

शेंग अर्धी उघडून आईचे हात थांबले. ती आईकडे बघेना आणि आई तिच्याकडे. मग आईने ती शेंग पुरती सोलली, दाणे वाटीत टाकले, साल सालांत टाकलं, आणि पदराला हात पुसले.

“कुठून आणलास?”

“आमच्या संस्थेतून. सगळ्यांना मिळतो, आई. फुकट.”

“सगळ्यांना?” आईने विचार केला. “सगळ्यांना काय करायचाय?”

तिला गेमचं सांगायचं होतं, जिन्याचं, पातेल्यांचं, टायवाल्याच्या फुसकन हसण्याचं. तिने सांगितलं नाही. त्याऐवजी तिने पेटीचं सांगितलं, की त्या दिवशी बाबा त्या मुलीशी खूप बोलले होते, ते सगळं अजून आहे, कुलपात, आणि कदाचित कधीतरी ऐकायला मिळेल. फक्त हे शेवटचं हं म्हणजे बोलणं नव्हे, असं आपण लिहून दिलं पाहिजे.

“काय बोलले होते?”

“मला नाही माहीत. मी बाहेर होते.” मग तिने ते विचारलं, जे तिने इतकी वर्षं उत्तर ठाऊक असल्यासारखं विचारलं नव्हतं. “आई, तुझ्याशी बोलायचे का गं ते?”

आईने तिच्याकडे असं पाहिलं जसं आई फक्त भाजी तोलताना लबाडी करणाऱ्याकडे बघायची.

“मग हे काय आहे?” आई लॅपटॉपकडे हनुवटी करून म्हणाली. “चाळीस वर्षं मी काय भिंतीशी संसार केला? दमलेत, हं. भूक नाही, हं. तुझ्या नोकरीचं कळलं त्या दिवशी रात्रभर उठून बसले होते, मी म्हटलं झोपा आता, तर हं. कसलं होतं ते तुला कळायचं नाही. तू खिडकी लावत असायचीस.” आणि पुन्हा मटार ओढून घेत, “त्या पोरीशी बोलले असतील दुनियेचं. परक्याशी काय, कुणीही बोलतं. ते तिचं. लाव परत.”

तिने परत लावला. आई या वेळी नुसती, नवरा जिना चढून आत येईपर्यंत बायको थांबते तेवढी थांबली, आणि पुढची शेंग उचलली. टायवाला आत्ताही कुठेतरी हरत असणार, दानशूर उद्या वडील पुसायचे राहिले हे वाक्य आपलं म्हणून कुणाला तरी ऐकवणार, साभारसुद्धा न लिहिता, आणि साहेब नव्या वाटा दाखवणार. त्यांच्याबद्दलचं तिचं मत तसूभरही बदललं नव्हतं. तिने कर्मचाऱ्याच्या दाराने आत जाऊन ती ओळ उघडली. पुरुष, साठीपुढचा, कोरडा. पुढे दोन चौकटी होत्या. पेटीतल्या त्या काचेच्या खोलीचा तिने एकदा विचार केला, इस्त्रीच्या सदऱ्याचा, हसऱ्या मुलीचा, आणि बाहेरच्या बाकावर कागद चाळणाऱ्या बाईचा. मग ‘बोलणं आहे’ या चौकटीवर खूण केली. मूळ मुद्रण कायमचं नष्ट होईल, खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. खात्री विचारण्यात यंत्राचा हात कुणी धरला नसता. तिने हो म्हटलं.

“झालं का काम?” आईने विचारलं.

“हं,” ती म्हणाली.

आईने पुढे काही विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं.